चाक आधी की कोठार?

डिचोली, गोवा

प्रिय वसंता,

सप्रेम नमस्कार.

इकडे सर्व क्षेम. गुडघा कुरकुरतो, तेवढे सोडून दे. चवथीपासून पत्र नाही म्हणून तू रागावला असशील, पण हे भांडण इथे दुसऱ्या कोणाशी करता येत नाही.

एका वार्षिकासाठी प्राचीन मृद्भांड्यांवर लेख दिला होता. संपादकांनी त्याच्या आरंभी परस्पर वाक्य घातले : 'चाक फिरले आणि राज्ये जन्मली.' वसतिगृहात तू रात्र रात्र उगाळायचास, तेच! मेसच्या भाकरीला खापर म्हणण्यापुरते तुझे पुरातत्त्व पक्के होते, हे मी तेव्हाही म्हणत असे. चीनमधल्या शियानरेनदोंग गुहेतली खापरे सुमारे 20,000 वर्षांपूर्वीची, म्हणजे शेतीच्याही कितीतरी आधीची. आणि दक्षिण अमेरिकेतल्या इंकांनी तर कुंभाराच्या चाकावाचून साम्राज्य उभारले. मग चाकाला एवढे श्रेय कशासाठी?

परवा इथल्या एका कुंभाराकडे गेलो होतो. एकाच मोठ्या गोळ्यातून तो पणत्या काढत होता. अंगठा दाबला, काठ उचलला, दोऱ्याने कापली, की पुढची. ठेकेदाराला सगळ्या सारख्या हव्यात, म्हणाला. मला प्राचीन मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, उरुक नगराचे तिरक्या काठांचे वाडगे आठवले. इ.स.पू. चौथ्या सहस्रकातले हे वाडगे भुसा मिसळलेल्या मातीचे, ओबडधोबड आणि हजारोंनी टाकून दिलेले आहेत. शिवाय ते चाकावरचे नाहीत, साच्यात दाबलेले आहेत. मजुरांचा शिधा त्यांतून वाटला जाई, असे अनेक अभ्यासक मानतात. तिथल्या आद्य लिपीतही खाण्याचे चिन्ह म्हणजे मस्तक आणि त्यापुढे असाच वाडगा. राज्य वाढले की भांडे देखणे होते, ही आपली भाबडी समजूत आहे. तोंडे मोजणारा कारकून आला की भांडे फक्त सारखे असावे लागते.

तू लगेच इनामगाव काढशील. काढ. पुणे जिल्ह्यातल्या घोड नदीकाठच्या त्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत पाच खोल्यांचे घर आणि शेजारी धान्याचे कोठार सापडले, त्यावरून पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी गावाला मुखिया होता असे मांडले, ते मला मान्य आहे. तिथली जोर्वे संस्कृतीची लाल, काळ्या नक्षीची, तोटीची भांडी चाकावर घडवलेली, हेही मान्य. परंतु चाक आणि मुखिया दोन्ही असूनही तिथे नगर उभे राहिले नाही, आणि इ.स.पू. 700 च्या सुमारास वस्ती उठली. शिध्याचा वाडगा तिथे कुठे आहे, तेवढे दाखव.

वहिनींच्या बदलीचे काय झाले? चिरंजीवाचा निकाल कळव. संपादकांना शनिवारी मजकूर परत द्यायचा आहे. तोवर तुझा पुरावा आला तर तळटीप देईन, नाहीतर ते वाक्य खोडतो.

तुझा,
माधव