मॅनोमेट्रीच्या रिपोर्टवर कॅथेटरचे नाव हवेच

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

घास छातीत अडकतो, पाणीसुद्धा उलटून येते, आणि दुर्बिणीच्या तपासणीत तर काहीच सापडत नाही, अशा रुग्णांची अन्ननलिकेची मॅनोमेट्री करतात, म्हणजे नाकातून कॅथेटर (बारीक नळी) घालून गिळताना अन्ननलिकेतला दाब मोजतात. नाशिकमध्ये तंत्रज्ञ म्हणून हे काम मी बरीच वर्षे करते आहे. 'ती पाण्याची जुनी नळी नको, महागडी घाला' असे नातेवाईक सांगतात, कधी डॉक्टरही सुचवतात, म्हणून हे पत्र.

पाण्याच्या, म्हणजे वॉटर-परफ्यूज्ड कॅथेटरमध्ये बारीक मार्गांतून निर्जंतुक पाणी अगदी संथपणे सोडलेले असते. अन्ननलिका आवळली की पाणी अडते आणि तो दाब बाहेरच्या ट्रान्सड्यूसरवर, म्हणजे दाब मोजणाऱ्या उपकरणावर, उमटतो. म्हणूनच रुग्णाला आडवे झोपवून ट्रान्सड्यूसरची पातळी त्याच्या अन्ननलिकेशी जुळवावी लागते; १० सेंटिमीटरचा फरक राहिला तरी आकडा सुमारे ७ मिमी पाऱ्याने चुकतो. मार्गात हवेचा एक बुडबुडा राहिला की आलेखाची टोके बोथट होतात. रुग्ण आत यायच्या आधी टिचक्या मारून एकेक मार्ग मोकळा करून घ्यायचा, हे नव्या मुलींना आम्ही सर्वांत आधी शिकवतो. घशाची झटपट हालचाल ही नळी नीट टिपत नाही हे खरे, पण ती स्वस्त आहे, टिकाऊ आहे आणि काळजीने वापरली तर अन्ननलिकेचे निदान चोख करते.

महागड्या, म्हणजे सॉलिड-स्टेट कॅथेटरमध्ये दाब मोजणारे सेन्सर नळीतच असतात. एका प्रचलित नळीत दर सेंटिमीटरला एक, असे ३६. रुग्णाला बसवून, पाव खायला देऊनही तपासता येते. मात्र किंमत लाखांत, नळी जरा मुरगळली की सेन्सर गेलाच, शिवाय शरीराच्या उष्णतेने आकडे सरकतात ते वेगळेच.

मला खरी काळजी वाटते ती रिपोर्टची. मध्यंतरी एक आजोबा बाहेरगावचा रिपोर्ट घेऊन आले. त्यात आयआरपी, म्हणजे गिळताना अन्ननलिकेच्या खालच्या झडपेवर उरणारा दाब, १८ मिमी पारा लिहिला होता आणि शेजारी 'वाढलेला'. कोणती नळी, कोणत्या कंपनीची, रुग्ण झोपलेला की बसलेला, कशाचाही उल्लेख नाही. मॅनोमेट्रीचे निकाल लावण्याच्या २०२१ च्या शिकागो वर्गीकरणानुसार झोपून केलेल्या तपासणीत मेडट्रॉनिक कंपनीच्या नळीला १५ ही मर्यादा आहे, लेबोरी कंपनीच्या नळीला २२. दोन्ही सॉलिड-स्टेटच! पाण्याच्या नळ्यांच्या मर्यादा आणखी वेगळ्या. मग १८ वाढलेला की ठीक, हे सांगायचे कसे? आजोबांना ऑपरेशनचा सल्ला मिळालेला होता. नाइलाजाने त्यांना पुन्हा उपाशी ठेवून, नाकातून नळी घालून, तेच १० घोट गिळायला लावावे लागले. डोळ्यांतून पाणी येत होते, तरी बिचारे एका शब्दाने बोलले नाहीत.

हे टाळायला एक पैसा लागत नाही. कॅथेटरचा प्रकार, कंपनी, रुग्णाची स्थिती आणि त्या नळीची नॉर्मल मर्यादा या चार गोष्टी प्रत्येक केंद्राने रिपोर्टवर छापाव्यात. पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनांनी तसा आग्रह धरावा, आणि रुग्णांनीही रिपोर्ट हातात घेताना त्या आहेत का ते पाहावे. नसतील तर तिथेच लिहून मागाव्यात.

— एक मॅनोमेट्री तंत्रज्ञ, नाशिक