आईच्या अहवालाविषयी

तीर्थरूप आई व बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोन ठेवताना आईने विचारले, "हे माझ्याकडून तुम्हा दोघा भावंडांत तर येणार नाही ना गं?" त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. आता आईच्या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या बायोप्सीचा जनुकीय अहवाल डॉक्टरांकडून समजावून घेतला आहे, म्हणून सावकाश लिहिते. बाबा, हे पत्र आईला वाचून दाखवा.

आई, अहवालातले म्युटेशन, म्हणजे जनुकातला बदल, हा तुझ्या रक्तात जन्मापासून असलेला दोष नव्हे. फुप्फुसातल्या एका पेशीत, केव्हातरी, ईजीएफआर नावाच्या जनुकात चूक झाली आणि त्यातून घडणाऱ्या प्रथिनात ८५८व्या जागी ल्युसिन या अमिनो आम्लाऐवजी आर्जिनिन हे दुसरे आले. पेशीला वाढण्याचा निरोप देणे हे त्या प्रथिनाचे काम. एरवी तो निरोप बाहेरून इशारा मिळाल्यावरच जातो. आता तो अखंड जात राहतो. हा बदल गाठीच्या पेशींपुरताच आहे, त्यामुळे तो दादाकडे किंवा माझ्याकडे येणार नाही.

बाबा, तुम्ही सोडलेल्या सिगारेटी अजून मनाला लावून घेता. दुसऱ्याच्या धुरानेही धोका वाढतो, हे मी नाकारत नाही. पण ईजीएफआरमधले बदल कधीच धूम्रपान न केलेल्यांत, त्यातही स्त्रियांत आणि आशियातील रुग्णांत अधिक आढळतात, त्यामुळे आईचा आजार तुमच्यामुळे झाला असे कोणीही म्हणू शकत नाही. कृपा करून तुम्हीही म्हणू नका.

मणक्यातल्या डागाला तुम्ही दोघे 'हाडांचा कॅन्सर' म्हणता, तो मात्र फुप्फुसाचाच आहे. गाठीतल्या काही पेशी शेजारच्या पेशींपासून सुटतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत शिरतात. फुप्फुसातले रक्त थेट हृदयाच्या डाव्या बाजूला येऊन तिथून सर्वांगात जाते, म्हणून हा आजार मेंदू, हाडे, यकृत आणि मूत्रपिंडावरच्या ग्रंथींपर्यंत पोहोचू शकतो. वाटेत बहुतेक पेशी मरतात. तगलेल्यांपैकी काही हाडात रुजतात आणि हाड झिजवणाऱ्या पेशींना चेतवतात. ज्या पाठदुखीवर आपण चार महिने तेल चोळत राहिलो, ती हीच होती. त्याची रुखरुख मला अजून आहे.

तिथल्या पेशींतही तोच बदल असल्यामुळे त्या प्रथिनाचा निरोप अडवणारी एकच गोळी दोन्हीकडे काम करते. अशी औषधे नेमकी कोणाला लागू पडतात, हे २००४ साली अमेरिकेत या जनुकातील बदलांवरून उलगडले. आईची ओसिमर्टिनिब ही त्यानंतरच्या पिढीतली, मेंदूपर्यंतही पोहोचणारी गोळी आहे. तिने आजार मुळापासून जाणार नाही, पण तो आटोक्यात राहील अशी डॉक्टरांना आशा आहे. पुढे पेशींत नवा बदल होऊन गोळी निष्प्रभ होऊ शकते, म्हणून ठरलेले स्कॅन चुकवू नयेत.

अंगावर पुरळ उठले किंवा जुलाब झाले तर मला कळवा. धाप लागली किंवा कोरडा खोकला वाढला, तर मात्र माझी वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. मी शनिवारी सकाळच्या गाडीने येते.

तुमची,
मनू