खिशातल्या पाच चिंचोक्यांबद्दल आभार

काका,

सप्रेम नमस्कार. गणपतीला म्हणून गावी गेलात, आता दिवाळी तोंडावर आली तरी मैदानाभोवतीच्या कट्ट्यावर तुमचा पत्ता नाही. तुमची नात म्हणाली, भातकापणी उरकल्याशिवाय आजोबा काही हलत नाहीत. म्हणून हे पत्र. ती वाचून दाखवेलच. तुम्हाला ओळखणाऱ्या शिवाजी पार्कातल्या बाकीच्यांनीही वाचावं, म्हणून उघडच लिहितेय.

जानेवारीतली ती सकाळ आठवते का? उद्यान गणेश मंदिरासमोर माझ्या उजव्या बुटाचा सोल पुढून सुटला आणि पावलागणिक फटक फटक वाजायला लागला. पाच पावसाळे कपाटात पडून होते ते बूट. मुंबईच्या दमट हवेत त्यांचा गोंद कधीच मेला होता. मी कट्ट्यावर बसले आणि डोळ्यांत पाणीच आलं. बूट निमित्त हो! तेच बूट घालून मी २०२०च्या जानेवारीत मुंबईची अर्धी मॅरेथॉन पळाले होते. २१ किलोमीटर, २ तास २४ मिनिटं, पेडर रोडचा चढसुद्धा न थांबता. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, मग बाबांचं आजारपण, मग बँकेतली बदली. पुढे कारणंही संपली, तरी मी घरीच. वजन ११ किलोंनी वाढलेलं. आणि त्या दिवशी अर्ध्या फेरीतच धाप लागली होती.

तुम्ही काही विचारलं नाहीत. मनगटावरची दोन रबरं काढलीत, माझ्या बुटावर आडवी चढवलीत आणि म्हणालात, "मॅडम, एवढी फेरी पुरी करा. बूट घरी जाऊन टाका." मनगटावर रबरं ठेवणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. बेस्टमध्ये तीस वर्षं कंडक्टर होतात, नोटांच्या गड्ड्यांना लावायची ती सवय, हे मागाहून कळलं.

दुसऱ्या दिवशी (नवे बूट घेऊन आले होते, उगाच महागाचे) तुम्ही माझ्या हातावर पाच चिंचोके ठेवलेत. एक फेरी झाली की एक चिंचोका उजव्या खिशातून डाव्या खिशात. पाच झाले की घरी. कट्ट्याची फेरी सव्वा किलोमीटरलाही थोडी कमीच, म्हणजे सगळं मिळून सहाच्या आत. मला हसू आलं होतं. माझ्या हातात अठरा हजारांचं घड्याळ होतं, ते झोपसुद्धा मोजतं. पण खरं सांगते, तेच घड्याळ मला पाच वर्षं घरी बसवून होतं. दोनदा प्रयत्न केला होता मी, आणि दोन्ही वेळा पहिल्याच किलोमीटरचा वेळ बघून कपाट बंद केलं होतं. चिंचोक्याला २०२० माहीत नव्हतं.

पहिले पंधरा दिवस नुसतं चालणं. मग दोन दिव्याच्या खांबांमधलं अंतर पळायचं, पुढची दोन अंतरं चालायचं. पळताना तुमच्याशी बोलता आलं पाहिजे, ही अट. तुम्ही मुद्दाम लांबलचक प्रश्न विचारायचात, डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर तिकिटं कशी फाडायची वगैरे, आणि माझं उत्तर तुटलं की हात वर करून थांबवायचात.

सहाव्या आठवड्यात मला शिंगं फुटली. श्वास पूर्ववत झाला होता, वाटलं जमलं! तीन फेऱ्या सलग, जोरात. तुम्ही मागून ओरडलात, "एवढी धावतंस कित्याक गो? बस सुटता काय तुझी?" मॅडमची 'गो' त्या दिवशी झाले. ऐकलं मात्र नाही, आणि दुसऱ्या दिवशी नडगी अशी ठणकायला लागली की जिना उतरवेना. फिजिओथेरपिस्टने सांगितलं ते असं: दम काही आठवड्यांत परत येतो, पण हाडं आणि स्नायुबंध तयार व्हायला महिने लागतात. पळणं सोडून पुन्हा सुरू करणारे नेमके या मधल्या काळात जायबंदी होतात. तुम्हाला हे कुठून ठाऊक, देव जाणे. दहा दिवस पळणं बंद होतं, तरी तुम्ही मला कट्ट्यावर बोलावून बसवलंत. चहा पाजलात, आणि चिंचोके परत मागितले नाहीत. घरी राहिले असते तर तिसऱ्यांदा सुटलं असतं, हे मला पक्कं माहीत आहे.

ऑफिसातल्या ग्रुपवर रोज कुणीतरी प्रेरणादायी व्हिडिओ टाकतं. सूर्योदय, डोंगर, पाठीमागे ढोल. मला साडेपाचला उठवलं ते तुमच्या त्या प्रश्नाने, "काल दिसली नाहीस?" त्यात रागही नसायचा. तिकीट राहिलेल्या प्रवाशाला विचारावं तसं सहज विचारायचात, आणि खोटं कारण सांगायची माझी हिंमत व्हायची नाही.

तर हिशेब. पावसाळ्यात लाल मातीचा चिखल चुकवत कट्ट्याच्या कडेकडेने पळाले, एकूण अकरा खाडे. गेल्या रविवारी पाचही फेऱ्या न थांबता झाल्या. घड्याळ घरी ठेवलं होतं, पण वनिता समाजाच्या इमारतीपासून निघताना आणि परत पोचल्यावर फोनवर वेळ बघितलीच, ४९ मिनिटं. पूर्वीच्या मानाने गोगलगाय. चालेल.

आणि एक कबुली. ट्रॅकपँटच्या खिशातला एक चिंचोका वॉशिंग मशीनमध्ये गेला. सापडला, पण फुगून त्याचं साल सुटलंय. सध्या चारच वापरतेय, पाचवी फेरी लक्षात ठेवावी लागते. गावाहून येताना एक आणा. दोन आणलेत तरी हरकत नाही, शेजारची एक मुलगी परवा विचारत होती.

तुमचीच,
रबरवाली