तोत्तोरीचा गड आणि बाजारभाव

बार्शी

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

आम्ही सुखरूप पोचलो. आईचा गुडघा बरा आहे. आज आडतीवर बसलो, पण मन जपानातल्या तुझ्या तोत्तोरीच्या गडावरच होतं.

क्युशोझान डोंगर जेमतेम 263 मीटर, आपल्या गडांपुढे लहानच. पण तू पायथ्याशी सांगितलंस ते डोक्यातून जात नाही. 1581 साली हिदेयोशी या सेनापतीने वेढा घातला, पण त्याआधी त्याने व्यापारी पाठवून चढ्या भावाने मुलखातला तांदूळ उचलला. गडावरच्यांनीसुद्धा भाव बघून कोठारातला माल विकला. मुक्ता, मी तीस वर्षं धान्यात आहे. असा भाव फुटला की घरातली पोती बाहेर निघतात, बियाण्याचा दाणाही थांबत नाही. ते लोक मूर्ख नव्हते गं. माझ्यासमोर भलेभले असेच विकून गेलेत. मग हिदेयोशीने आसपासची गावकरी मंडळी गडावर हाकलली, म्हणजे खाणारी तोंडं वाढली. तीन महिन्यांहून जास्त वेढा. गवत खाल्लं, घोडे खाल्ले, पुढचं लिहवत नाही. सुटल्यावर अन्न मिळालं, तर भुकेल्यांनी भराभर खाल्लं आणि त्यातच कितीतरी दगावले. हे ऐकून आई तिथेच पायरीवर बसली होती, आठवतं ना?

किल्लेदार किक्कावा त्सुनेइए फक्त पस्तिशीचा. मूळचा तिथला नाही, त्याच वसंतात हिदेयोशीच्या विरोधातल्या मोरी घराण्याने पाठवलेला. लोकांना सोडवायचं म्हणून त्याने स्वतःचं पोट फाडून घेतलं. मरण्याआधी मुलांना पत्र लिहिलं: दिवसरात्र दोनशे दिवस (तो आल्यापासूनचे धरून) गड धरला, दाणागोटा संपला, आता मी एकटा कामी येऊन सगळ्यांना वाचवतो. लहानग्यांना वाचता यावं म्हणून हिरागाना या साध्या जपानी लिपीत लिहिलं. मरायच्या तोंडावर बापाला पोरांच्या अक्षरओळखीची काळजी! यावर मी विमानात कितीदा डोळे पुसले ते आईला विचार.

तुमचा विमानतळ मला फार आवडला. एकीकडे समुद्र, दुसरीकडे कोयामा तळं, मध्ये दोन किलोमीटरची धावपट्टी. वाळूच्या टेकड्या आणि चित्रकथेतला छोटा गुप्तहेर, दोघांचं नाव त्याला दिलंय. चित्रकार त्याच प्रांताचा म्हणून. तिथे गर्दी नाही, धक्काबुक्की नाही. तू काचेपाशी हात हलवत होतीस ते शेवटपर्यंत दिसलं. विमान उठल्यावर मी डोंगर शोधत होतो, पण ढग आडवे आले.

कोरडवाहू जमिनीचं शिकायला तू तिथे गेलीस. जेवण वेळेवर कर. उपाशी झोपू नकोस, एवढं माझं ऐक.

आणि त्या पत्राची छापील प्रत मिळाली तर रविवारी फोनवर वाचून दाखव. अर्थ मागून सांग, आधी नुसतं ऐकव.

तुझे,
बाबा