लघुउद्योजकांना बोल लावण्याआधी

महोदय,

कालच्या पुरवणीतला लिग्निनवरचा, म्हणजे लाकडातले तंतू एकत्र बांधून ठेवणाऱ्या पदार्थावरचा लेख वाचला. विषय घेतलात याबद्दल मनापासून आभार. पण 'कागद कारखाने हे सोनं फेकून देतात आणि आपले लघुउद्योजक उदासीन' हे वाचून संताप आला. कारखाने लिग्निन फेकत नाहीत, जाळतात. लगदा शिजवून उरलेलं काळं पाणी, म्हणजे ब्लॅक लिकर, त्यातल्या लिग्निनसकट आटवून बॉयलरमध्ये जातं. त्याच्याच वाफेवर कारखाना चालतो, शिजवण्याची रसायनंही त्यातूनच परत मिळतात. ते बाहेर विकायचं तर जळणापेक्षा बरा भाव मिळायला हवा, एवढं तरी लिहायचं होतं.

मी तुर्भ्याच्या एमआयडीसीत प्लायवूडचं रेझिन, म्हणजे थर चिकटवायचा गोंद, बनवणाऱ्या छोट्या कारखान्यात केमिस्ट होतो. हे रेझिन फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड ही रसायनं जोडून बनतं. फिनॉल अंगावर सांडलं की आधी दुखत नाही. कातडी पांढरी पडून बधिर होते. एका सहकाऱ्याचा हात असा भाजला, तेव्हा आमच्या मालकांनी आपणहून थोडं फिनॉल कमी करून लिग्निन घालायला सांगितलं. पहिल्या पोत्याचं रेझिन झकास झालं. पुढच्या खेपेला पुरवठादार तोच, तपकिरी पूडही तशीच, आणि बॅच रिअ‍ॅक्टरमध्येच जेल होऊन घट्ट बसली! छिन्नी-हातोडीने फोडून काढावी लागली. बगॅसचं, म्हणजे उसाच्या चिपाडाचं लिग्निन वेगळं, बांबूचं वेगळं; निलगिरीच्या लिग्निनमध्ये फॉर्मल्डिहाइडला जोडायला मोकळी जागाच कमी. पोत्यावर यातलं काहीही लिहिलेलं नव्हतं. पुरवठादाराने हात झटकले, भुर्दंड मालकांनी सोसला. अशा माणसाला उदासीन म्हणता?

नॉर्वेत बोरेगार्ड कंपनी लिग्निनपासून व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाच्या स्वादाचं द्रव्य करते, कारण स्प्रूस या सूचिपर्णी झाडाचा लगदा तिचा स्वतःचा आहे, माल कुठून आला हे तिला ठाऊक असतं. आपल्याकडेही डिसेंबर 2024 मध्ये नागपूर-मनसर बायपासवर लिग्निन मिसळलेल्या डांबराचा रस्ता झाला. तुमच्या लेखात त्याचा उल्लेखही नाही. प्रत ठरवून, तपासणीचा दाखला जोडून माल द्या, तुर्भे-रबाळ्याचे कारखानदार नक्की घेतील.

जाता जाता, घोडबंदर रोडला छाटलेल्या फांद्या नि पालापाचोळा पहाटे पेटवतात, धुराने म्हाताऱ्यांना खिडक्या उघडता येत नाहीत. मागच्या पत्रातला नेमका हाच परिच्छेद आपण गाळला होता. या वेळी कृपया छापावा.

– एक निवृत्त केमिस्ट, ठाणे (पश्चिम)