बाई, तिथं कुणाला मोजायचं नाही

प्रिय विद्यार्थिनीस,

नाव लिहू नका म्हणालीस, म्हणून लिहीत नाही. आपल्या सांगलीच्या आमराई बागेत रोज सकाळी फिरायला येणाऱ्यांना तू कोण ते कळेलच. हे पत्र तुझ्या घरी आणून दिलं असतं तरी चाललं असतं, चार गल्ल्यांचं तर अंतर. पण चौथीत असताना मी तुझ्यावर सगळ्या वर्गासमोर ओरडले होते. आभारही चारचौघांतच मानायला हवेत.

सागरेश्वरची ती सहल. प्रासंगिक करारावर घेतलेली एसटी, ४७ मुलं आणि आम्ही तिघी शिक्षिका. सागरेश्वर हे माणसांनी उभं केलेलं रान आहे, हे मी दरवर्षी गाडीतच सांगायची. उघड्याबोडक्या डोंगरावर झाडं लावायचा ध्यास वृक्षमित्र धों. म. मोहित्यांनी घेतला, तिथं हरणं आणून सोडली गेली, १९८५ मध्ये अभयारण्य जाहीर झालं. जेमतेम अकरा चौरस किलोमीटरचा टापू, पण त्यात चितळ, सांबर, काळवीट. सगळं तोंडपाठ होतं. आणि खरं सांगते, इतक्या वर्षांत त्यातलं एकही हरीण मी धड पाहिलेलं नव्हतं. गाडीत चढताना मोज, उतरताना मोज, देवळापाशी मोज, डबे खाऊन झाले की पुन्हा मोज. ३१ वर्षांच्या नोकरीत मी सहलीला जाऊन फक्त डोकी पाहिली.

त्या दिवशी डोकी ४६ भरली. पोटात गोळा आला. मी मागं धावत गेले तर तू एका झाडाच्या बुंध्याशी उकिडवी बसलेली, आणि समोर दहा-पंधरा पावलांवर चितळाचा नर. तो तुझ्याकडे बघत होता आणि तू त्याच्याकडे. मी हाक मारली आणि तो उडी मारून झाडीत गेला. मग तुला दंडाला धरून आणलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, ‘हिला पुन्हा सहलीला आणायचं नाही.’ तू रडली नाहीस. परतीच्या गाडीत खिडकीला नाक लावून बसली होतीस. ते मला आजही दिसतं.

दोन वर्षांपूर्वी आमराईत तू हाक मारलीस, ‘बाई!’ तू शिकायला फ्लोरिडात दोन वर्षं राहून परत आली होतीस. माझा भाचा ऑरलँडोला असतो आणि मला बोलावतोय, हे ऐकल्यावर तू एकदम म्हणालीस, ‘मग ॲनिमल किंगडमला जा. आणि एकट्या जा.’ म्हणजे तिथली डिस्नेची प्राण्यांची बाग.

बाकी प्रत्येकानं उलट सांगितलं होतं. या वयात, परक्या देशात, एवढ्या मोठ्या बागेत एकटी? भाचासुद्धा फोनवर म्हणाला, ‘आत्या, रविवारी आपण सगळेच जाऊ.’ त्याचं चूक नव्हतं, मायेनंच म्हणत होता. पण सगळे गेलो असतो तर मी पुन्हा दोन पोरांचे हात धरून त्यांच्या टोप्यांकडे बघत फिरले असते. हे मला स्वतःला सांगता आलं नसतं. ते तू बोललीस: ‘बाई, तिथं तुम्ही कुणाला मोजायचं नाही.’

नंतरचे आठ-दहा दिवस आपण आमराईतल्या बाकावर बसलो. तू माझ्या फोनमध्ये त्या बागेचं ॲप घालून दिलंस, नकाशा बोटांनी मोठा कसा करायचा ते शिकवलंस. मग चौकटीच्या वहीचं पान फाडून त्यावर सगळं हातानं लिहून दिलंस, कारण फोनची बॅटरी संपली तर बाई काय करणार. अक्षर अजून तसंच, उकार लांब ओढलेले. ‘उघडल्या उघडल्या आधी सफारी. गारव्यात जनावरं हिंडतात, उन्हात सावलीला बसतात.’ ‘पाणी विकत घेऊ नका, खाण्याच्या काउंटरवर मागितलं की बर्फाचं पाणी फुकट देतात.’ ‘दुपारी पाऊस येणार. घाबरू नका, थांबतो.’ ‘घरचं खाणं नेलं तर चालतं. काचेची बरणी नको.’ आणि सगळ्यात खाली, दोनदा अधोरेखित: ‘सिंगल रायडर.’

गेल्या जूनमधल्या एका बुधवारी भाच्यानं मला दारात सोडलं. तिकिटाबरोबर बोट लावावं लागतं. माझी बोटं खडूनं झिजलेली, निवृत्तिवेतनाच्या हयातीच्या दाखल्यालाही ती उमटत नाहीत. तिथंही उमटली नाहीत. तू सांगून ठेवलं होतंस, म्हणून पासपोर्ट हातातच होता. दारावरची मुलगी हसली आणि मी आत गेले. मागं वळून कुणी आलं का ते बघायचं नव्हतं. पहिली पाच मिनिटं मान तरीही वळत राहिली.

सफारीच्या गाडीचा आकार आपल्या ट्रकसारखा, बाजू मोकळ्या. फेरी साधारण वीस मिनिटांची. मी तीनदा बसले. पहिल्यांदा फक्त डावीकडे पाहिलं, दुसऱ्यांदा फक्त उजवीकडे, आणि तिसऱ्यांदा, पाऊस पडून गेल्यावर, जे दिसेल ते. बरोबर कुणी असतं तर हे जमलं असतं का, सांग.

सिंह खडकावर पडले होते आणि आमच्यात नि त्यांच्यात कुंपण असं दिसतच नव्हतं. मधे खंदक आहेत, पण ते झाडोऱ्यात असे लपवलेत की जनावर मोकळंच वाटतं. मला सागरेश्वरचं तारेचं कुंपण आठवलं. ते मला कधी वाईट वाटलं नाही, त्याच्याच आत ती हरणं टिकली. पण इथं कुणीतरी बसून विचार केलाय की बघणाऱ्याच्या नजरेत तार यायला नको, याचं मला फार कौतुक वाटलं.

मग हत्ती. सांगलीकराला हत्तीचं अप्रूप नाही, संस्थानच्या गणपतीचा हत्ती बघतच आपण वाढलो. पण हे आफ्रिकेतले. कान एवढे मोठे की हलले की वारं लागेल असं वाटावं, आणि हत्तिणीलाही सुळे. आपल्याकडच्या हत्तिणीला असे सुळे नसतात. फळ्यावर मी वर्षानुवर्षं जो हत्ती काढत आले त्याला कान आफ्रिकेचे आणि पाठ आपल्याकडची, कमानीसारखी वर आलेली. आफ्रिकी हत्तीची पाठ मधे खोलगट असते. हे कळलं तेव्हा मला खूप आनंद झाला. निवृत्त झाल्यावर शिकायला मिळालेली गोष्ट वेगळीच गोड लागते.

आणि ते बैल! अंकोले नावाची आफ्रिकेतली गुरं. शिंगं बुंध्यात माझ्या मांडीएवढी जाड, वर आभाळाकडे गेलेली. त्या शिंगांतून रक्त खेळतं आणि अंगातली उष्णता बाहेर पडते. माझ्या मामांकडे आटपाडीला खिलारी जोडी होती, पांढरीशुभ्र, शिंगं मागं धनुष्यासारखी वळलेली. खरसुंडीच्या यात्रेत मामा एकेका बैलाभोवती अर्धा तास घुटमळायचे, वशिंड, खूर, शेपूट बघायचे. त्या गाडीत मला मामांची फार आठवण झाली. हे बैल बघून ते गाडीतून उतरलेच असते.

एक जिराफ रस्त्यात येऊन उभा राहिला. ड्रायव्हरनं गाडी थांबवली, तो हलेपर्यंत हॉर्न नाही की आरडाओरडा नाही. जिराफाच्या मानेतही माणसाइतकीच सात हाडं असतात, हे मी किती वर्गांना सांगितलं असेन. पण तो रवंथ करतो तेव्हा घास पोटातून परत वर येताना त्या लांब मानेवरून लिंबाएवढा गोळा सरकत जाताना दिसतो, हे कुठल्या पुस्तकात मी वाचलं नव्हतं. तो चावायचा, गिळायचा, गोळा खाली जायचा. जरा थांबून दुसरा वर. मी चार वेळा पाहिलं. शेजारच्या बाईंना खुणेनं दाखवलं. त्यांनी तोंडावर हात धरला आणि त्याही बघत बसल्या.

अकराच्या सुमारास एका झाडाखाली बसून सांगलीहून नेलेलं भडंग खाल्लं. काउंटरवर बर्फाचं पाणी खरंच मिळालं. तिथं प्लॅस्टिकची स्ट्रॉ देत नाहीत, ती जनावरांच्या तोंडात जाऊ नये म्हणून. सहलीहून निघताना मुलांकडून खाऊचे कागद वेचून घेणारी मी. कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

आशियाच्या भागात एक काल्पनिक गाव उभारलंय. नाव आनंदपूर. परक्या मुलखात हे नाव वाचलं की आपोआप मोठ्यानं उच्चारलं जातं. तिथल्या पडक्या राजवाड्यासारख्या वाटेवर वाघ आहेत आणि भलीमोठी फळं खाणारी वटवाघळं. वाघ झोपला होता. मी त्याच्या पोटाचं वर-खाली होणं बघत अर्धा तास उभी होते. ‘चला पुढं’ म्हणणारं कुणी नव्हतं.

आता तुझं अधोरेखित. एव्हरेस्टच्या नावाची ती आगगाडी, म्हणजे रोलर कोस्टर, २००६ साली सुरू झाली, तिचा डोंगर जवळजवळ दोनशे फूट उंच. गाडी वर चढते, पुढं रूळ तुटलेले दिसतात, आणि मग ती अंधारात उलटी, मागं धावते. मी बसायचं की नाही हे ठरलं नव्हतं. रक्तदाब तपासून डॉक्टरांनी हरकत नाही म्हटलं होतं, तरी धीर होत नव्हता. मोठी रांग लांबलचक होती, सगळी कुटुंबं. बाजूला छोटं दार, त्यावर तुझे ते दोन शब्द. एकट्या आलेल्या माणसाची रांग. दोघांच्या बाकावर एक जागा उरली की तिथं त्याला बसवतात. समोर सहा-सात जण होते.

बाळ, इतकी वर्षं मला लग्नाच्या पंगतीत, गाडीत, बँकेत, दवाखान्यात लोकांनी विचारलंय, ‘एकट्याच का?’ त्या प्रश्नाला मी कधी नीट उत्तर दिलं नाही. तिथं कुणी विचारलं नाही. एक बोट वर केलं, मुलानं मान हलवली आणि जागा दाखवली. तू तो शब्द दोनदा का अधोरेखित केला होतास, ते मला त्या दाराशी समजलं. तुला माझ्याबद्दल हे सुचलं, याचे आभार कसे मानायचे?

माझ्या शेजारी दहा-अकरा वर्षांचा मुलगा आला, आईबाप पुढच्या बाकावर. गाडी उलटी निघाली तेव्हा त्यानं माझं मनगट धरलं, मीही त्याचं धरलं. मी ओरडले, ‘आई गं!’ तोही त्याच्या भाषेत काहीतरी ओरडला. उतरल्यावर त्याच्या आईनं माझ्याकडे बघून छातीवर हात ठेवला. माझे पाय लटलटत होते आणि मला परत बसायचं होतं. बसले.

तिसऱ्या प्रहरी तू म्हणालीस तसा पाऊस आला, ढगांच्या गडगडाटासह, आणि तासाभरात उघडला. मग मी मधल्या मोठ्या झाडाशी गेले. ते खरं झाड नव्हे. समुद्रातल्या तेलविहिरींसाठी जसा लोखंडी सांगाडा उभारतात तसा सांगाडा आत, वर साल कोरलेली, १४५ फूट उंची. बुंध्यावर नि मुळांवर तीनशेहून जास्त प्राणी कोरलेत. नीट बघितल्याशिवाय दिसत नाहीत. सालीची सुरकुती म्हणून बघावं तर ती गेंड्याची पापणी निघते. बाग १९९८ च्या वसुंधरा दिनी, २२ एप्रिलला उघडली, तेव्हापासून ते झाड तिथं आहे.

तू मोजायचं नाही म्हणाली होतीस. पण मी मोजले. ओल्या बाकावर पिशवी टाकून बसले आणि एकेक प्राणी शोधत मोजत गेले. माकड, घुबड, कासव, मगर, उंट. एकसष्टपर्यंत आले. मग एका मुळाच्या वळणात शिंगांचं एक जनावर दिसलं. ते चितळ होतं की दुसरं कुठलं, मी सांगू शकत नाही. पण मला तूच आठवलीस, बुंध्याशी उकिडवी बसलेली, आणि पुढचा आकडा मी विसरले.

त्या दिवशी मी घाबरले होते, म्हणून ओरडले. ते घाबरणं खरं होतं, माझ्यावर तुमच्या आयांचा भरवसा होता. पण तू काय बघत होतीस हे मी विचारायला हवं होतं. गाडीत पुढच्या बाकावर बोलावून सगळ्या वर्गाला सांगायला लावायला हवं होतं. त्या सहलीत हरीण बघितलेली तू एकटीच होतीस. मी तुझी माफी मागते. आणि इतकं होऊनही तू मला बघायला शिकवलंस, वेळ काढून, हातानं लिहून, न रागावता, त्याबद्दल मनापासून आभार.

ते चौकटीचं पान मी जपून ठेवलंय. पावसात शाई थोडी फुटली आहे, तरी सगळं वाचता येतं.

येत्या रविवारी सागरेश्वरला येशील का? सकाळी लवकर निघू, उन्हं चढायच्या आत पोचायला हवं. डबा मी आणते. तू हवी तिथं बस, हवा तितका वेळ. मी हाक मारणार नाही.

तुझ्या बाई
सांगली