अंकोरच्या गाइडदादांना, अण्णांच्या मुलीकडून

बोंग (तुमच्या भाषेत दादा),

सप्रेम नमस्कार.

इंग्रजीतला चार ओळींचा निरोप तुम्हाला फोनवर मिळालाच आहे. हे पत्र मात्र मुद्दाम मराठीत आणि चारचौघांसमोर लिहिते आहे. कंबोडियाला निघालेली मंडळी हल्ली आमच्याकडे बरीच भेटतात, आणि "आई-वडिलांना झेपेल का गं?" इथे त्यांचं घोडं अडतं. तुम्ही आमच्यासाठी काय काय केलंत, ते त्यांना कळलेलं बरं.

कामानिमित्त माझं फिरणं होतं. इस्तंबूल पाहिलं, प्राग पाहिलं, क्योतोही पाहिलं. पण जगातलं आवडतं ठिकाण कोणतं असं कुणी विचारलं की तोंडात तुमच्या कंबोडियातलं, जुन्या देवळांचं अंकोरच येतं. इस्तंबूलला कुणाहीबरोबर गेले असते तरी ते तसंच आवडलं असतं. अंकोरचं तसं नाही, त्यात तुमचा वाटा मोठा आहे.

अण्णांचं वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे कुरकुरणारे. गाव कराडजवळ, त्यामुळे समर्थांच्या अकरा मारुतींची वारी त्यांच्या पायाखालची. "विष्णूचं एवढं मोठं देऊळ परदेशात आहे आणि आपण ते बघायचं नाही?" हा त्यांचा हट्ट. मी आपली एका दिवसात सगळं उरकायच्या बेतात होते. पहिल्याच फोनवर तुम्ही तो बेत मोडलात. देवळं बघायचा एक दिवसाचा पास 37 डॉलरचा, तीन दिवसांचा 62 डॉलरचा, आणि हे तीन दिवस सलगच हवेत असं नाही, दहा दिवसांत कधीही वापरा, असं तुम्ही सांगितलंत. एक दिवस फिरायचं, एक दिवस आराम. दुपारी अकराच्या पुढे उन्हात पाऊल टाकायचं नाही. गाइडला दिवसाचे पैसे मिळतात म्हणून तो दिवस वाढवतोय, अशी पाल माझ्या मनात चुकचुकली होती. पण आरामाच्या दिवसाचे तुम्ही पैसे घेतलेच नाहीत.

अण्णांच्या हट्टाचं ते विष्णूचं देऊळ म्हणजे अंकोर वाट. त्याचं तोंड पश्चिमेला. पहाटे सगळी गर्दी पश्चिमेच्या तळ्याकाठी, मोबाइल उंचावून सूर्योदयाची वाट पाहत. तुम्ही आम्हाला उलट बाजूने, पूर्वेच्या दाराने नेलंत. अंतर काही कमी होत नाही, पण वाट मातीची, दोन्ही बाजूंनी झाडं, आणि माणूस म्हणाल तर एखादा झाडूवाला. तुमच्या खांद्याला घडीचं स्टूल. शंभर पावलं झाली की स्टूल उघडायचं, अण्णांना बसवायचं आणि आपण शेजारी उकिडवं बसायचं. "चला, उशीर होतोय" हे वाक्य तुमच्या तोंडून एकदाही ऐकलं नाही.

आणि समोर एकदम समुद्रमंथन! पूर्वेच्या ओवरीत सुमारे 49 मीटर लांबीची एकच कथा. एकीकडे 92 असुर, दुसरीकडे 88 देव, मध्ये कासवाच्या पाठीवर मंदार आणि त्याला धरून विष्णू. सकाळचं ऊन तिरपं आत आलेलं, त्यामुळे प्रत्येक दंडाची गोलाई उठून दिसत होती. माझी नजर वरच्या अप्सरांवर. तुम्ही अण्णांचं स्टूल अगदी मध्यावर ठेवलंत आणि बोट खाली नेलंत. तिथे रवीजवळच्या पाण्यातले मासे घुसळणीच्या जोराने मधोमध तुटलेले, एकाचं डोकं इकडे, शेपूट तिकडे. बाराव्या शतकात, सूर्यवर्मा दुसरा याच्या राज्यात, कुणा पाथरवटाला एवढ्या देवदानवांच्या धुमाळीत माशांचे हाल सुचले. तुम्ही नसता तर मी अप्सरांचे फोटो काढून पुढे सरकले असते.

मग प्रदक्षिणेचा वाद. इथली शिल्पं उलट्या फेरीने, म्हणजे देऊळ डाव्या हाताला ठेवून बघायची, असं तुम्ही सांगितलंत. अंत्यविधीत अशी उलटी फेरी असते, म्हणून हे देऊळ राजाच्या मृत्यूशी जोडलेलं असावं असं बरेच अभ्यासक मानतात, हेही सांगितलंत. अण्णा ठाम. "देवाला उलटा फेरा मी घालणार नाही." दुसरा कुणी गाइड असता तर हसला असता किंवा वैतागला असता. तुम्ही स्टूल उचललंत आणि सुलट्या बाजूने चालू लागलात. त्यामुळे आम्हाला आधी यम, चित्रगुप्त आणि नरक भेटले, मग राजाची मिरवणूक आणि सगळ्यात शेवटी कुरुक्षेत्र. शरपंजरी पडलेल्या भीष्मांना अण्णांनी चपला काढून नमस्कार केला. तुम्हीही हात जोडलेत.

वरच्या मजल्याचा लाकडी जिना त्यांना झेपणार नव्हता. तुम्ही गळ घातली नाहीत, "काही नाही हो, सोपं आहे" असली खोटी उमेदही दिली नाहीत. मला वर पाठवलंत आणि खाली त्यांच्याजवळ बसलात. मी उतरले तर दोघांचं भांडण चाललेलं! तुमच्याकडच्या रामायणात, रीमकेरमध्ये, सेतू बांधताना मारुतीला रावणाची मुलगी सुवण्णमच्छा भेटते, दोघांचं प्रेम जुळतं आणि त्यांना मच्छानू नावाचा मुलगा होतो. ब्रह्मचारी मारुतीचं प्रेमप्रकरण! अण्णांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मग तेच म्हणाले, आमच्याकडे मकरध्वज आहे, पण तो घामाच्या थेंबातून, मगरीच्या पोटी, त्यात मारुतीचा काही दोष नाही. दोघांच्या मोडक्या इंग्रजीतला हा खटला मी मध्ये पडून दुभाषाचं काम केलं तरी मिटला नाही. अजूनही मिटलेला नाही. परवा जेवताना विषय निघाला तेव्हा अण्णा म्हणाले, "माणूस चांगला, पण मारुतीच्या बाबतीत चुकतोय."

जेवणावरून आठवलं. अण्णा शुद्ध शाकाहारी, आणि तुमच्या देशात प्रहोकशिवाय, म्हणजे आंबवलेल्या माशांच्या पेस्टशिवाय, फोडणी पुढे जात नाही. नुसतं "व्हेज" म्हटलं की ताटात मांस येत नाही, फिश सॉस मात्र येतो. तुम्ही वहीचं पान फाडून तुमच्या ख्मेर भाषेत चिठ्ठी लिहिलीत. मासा नको, प्रहोक नको, फिश सॉस नको, कोळंबीची पेस्ट नको, अंडं नको. ती मी दर हॉटेलात पुढे करायचे. बाजारातल्या एका बाईंनी ती दोनदा वाचली, अण्णांकडे पाहिलं, कढई घासून घेतली आणि मगच भाजी टाकली. जाणाऱ्यांनी पासपोर्टच्याही आधी अशी चिठ्ठी जवळ करावी असं माझं मत आहे.

बाकी देवळांचं सगळंच लिहीत बसत नाही. ता प्रोहमची झाडं सगळ्यांनी फोटोत पाहिलेली असतात. जयवर्मा सातवा याने 1186 मध्ये ते आईच्या स्मरणार्थ उभारलं आणि आता त्याच्या जतनात आपल्या भारतीय पुरातत्त्व खात्याचा हात आहे, हे तिथली पाटी दाखवून तुम्ही सांगितलंत तेव्हा अण्णांची छाती जरा फुगली. तिथल्याच वाटेवर भूसुरुंगात पाय गमावलेली माणसं वाद्यं वाजवत बसतात. पैसे त्यांना द्या, पोस्टकार्डं विकणाऱ्या पोरांना देऊ नका, विक्री झाली की ती शाळेत जात नाहीत, हे तुमचं सांगणं मी सगळ्यांना सांगते.

बांते श्रेईबद्दल मात्र वेगळे आभार. तासाभराची वाट, टुकटुकचे धक्के अण्णांना नकोत म्हणून त्या दिवशी तुम्ही मेव्हण्याची गाडी आणलीत. 967 मधलं, गुलाबी वालुकाश्माचं, बुटकंसं शिवालय. कैलास हलवणारा रावण पाहून अण्णा थबकलेच. वेरूळच्या कैलास लेण्यात हाच प्रसंग त्यांनी कितीदा पाहिलेला. इथे कैलास पायऱ्यापायऱ्यांचा, पार्वती शंकराला बिलगलेली, खाली जनावरं जीव घेऊन पळताहेत. अण्णांचा निकाल असा की वेरूळचा रावण ताकदीचा आणि हा कलाकुसरीचा. मला विचाराल तर पळणाऱ्या जनावरांमुळे मी बांते श्रेईला मत देईन, पण हे घरी बोलायची सोय नाही.

शेवटच्या संध्याकाळी तुम्ही आम्हाला अंकोर वाटच्या पश्चिम गोपुरात नेलंत, फक्त तेवढ्यापुरतं. तिथला आठ हातांचा विष्णू, भगव्या-पिवळ्या वस्त्रांत गुंडाळलेला. तुम्ही लोक त्याला ता रीच म्हणता आणि बुद्धाइतक्याच भक्तीने उदबत्ती लावता. अण्णांच्या हातात उदबत्त्या तुम्हीच दिल्यात. त्यांनी विष्णुसहस्रनामातले आठवतील तेवढे श्लोक म्हटले. रांगेतल्या आज्या खोळंबल्या, पण एकीनेही घाई केली नाही, कारण तुम्ही त्यांना ख्मेरमध्ये काहीतरी सांगितलं होतंत. काय सांगितलंत ते विचारायचं राहून गेलं.

आता एक काम. जानेवारीत आमच्या शेजारचे काका-काकू तिकडे येत आहेत. काकूंचे गुडघे अण्णांपेक्षा वाईट आहेत, तेव्हा स्टूल दोन घ्या. काका कांदा-लसूणही खात नाहीत, म्हणजे चिठ्ठीत एक ओळ वाढवावी लागेल. तुमचा नंबर मी त्यांना दिला आहे. आणि हो, प्रदक्षिणा त्यांचीही सुलटीच!

तुमची,
अण्णांची मुलगी